रिटर्नची जागा

९ सप्टेंबर

नवीन घराच्या भिंती उभ्या राहिल्या. आज जेवताना मुलाने सगळ्यांसमोर जाहीर केलं की गरम-गार हवेचं काम बाबा बघतील. डक्टेड सिस्टीम. म्हणजे छताच्या पोकळीत एकच मोठं मशीन बसतं आणि तिथून जाड नळ्यांतून प्रत्येक खोलीत हवा जाते. थंडीत गरम, उन्हाळ्यात गार. सूनबाईचं म्हणणं होतं की ती ऑफिसमधून फोनवर बघून घेईल, बाबांना कशाला त्रास. त्यावर मुलगा म्हणाला, बाबांनी तीस वर्षं विजेच्या सामानात काढली आहेत, त्यांना कोण गुंडाळणार.

ऐकून बरं वाटलं. खरं म्हणजे तीस नव्हे, सत्तावीस. आणि सामानात म्हणजे दुकानाच्या मागच्या अंगाला, रिटर्न काउंटरवर. लोकांनी परत आणलेल्या इस्त्र्या, मिक्सर, पंखे बघून घ्यायचे, कारण लिहायचं, चिठ्ठी डकवायची, गोदामात ठेवायचे. पण सामान ते सामानच. भरल्या ताटावर मुलाची चूक काढणं बरं दिसलं नाही.

संकल्प: हे काम संपेपर्यंत ही वही लिहायची. शाळा आठवीत सुटली, पण अक्षर चांगलं आहे. वहीत खोटं लिहायचं नाही.

१० सप्टेंबर

हिला विचारलं, नवीन घरात तुला काय हवं. मला वाटलं ओटा मोठा हवा म्हणेल. म्हणाली, "दार लागणारी खोली."

जुन्या घरात खोल्या दोनच. मधलं दार मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी काढून ठेवलं, कारण कपाट उघडत नव्हतं. एक्केचाळीस वर्षं तिथे पडदा आहे. पडद्याची कापडं तीन वेळा बदलली, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

दार लावून करणार काय, असं विचारलं. म्हणाली, काही नाही, बसेन.

यात मला टोमणा दिसला नाही, तरी दुपारी झोप लागली नाही. मागची खोली आम्हा दोघांची ठरली आहे. नकाशात तिला दार आहे, मी बोट ठेवून पाहिलं. तिला दारही मिळेल आणि ऊबही, आणि दोन्ही माझ्या देखरेखीखाली. म्हणजे त्या जुन्या दाराचं जे काय असेल ते फिटलं.

१५ सप्टेंबर

पहिला कोटेशनवाला येऊन गेला. फार भराभर बोलतो. किलोवॅट, झोन, इन्व्हर्टर. मी प्रत्येक शब्दाला मान हलवली, त्यामुळे त्याला वाटलं मला कळतंय आणि त्याने वेग वाढवला. झोन म्हणजे घराचे भाग पाडायचे आणि गरज नसेल त्या भागाची हवा बंद ठेवायची. एवढं समजलं. मी वहीत लिहून ठेवलेले प्रश्न विचारले. हवा कोरडी पडून नाकातून रक्त येईल का. डक्टमध्ये उंदीर शिरला तर तो कुठल्या खोलीत निघेल. त्याने दोन्हींना हसून उत्तर दिलं. हसणारा माणूस मला नको. काट मारली.

१७ सप्टेंबर

दुसरा. भिंतींवर लाल ठिपका पाडून खोल्या मोजत होता. हा हसला नाही, पण बोललाही नाही. मशीन बिघडलं तर कोण येणार, असं विचारलं तर म्हणाला, बिघडत नाही. सत्तावीस वर्षांत मी असं एकही मशीन पाहिलं नाही. काट.

सूनबाईने फोनवर चौकशी केली. अभ्यास चालू आहे असं सांगितलं. चालू आहेच.

२२ सप्टेंबर, सकाळी ११

तिसरा पसंत. वयस्कर माणूस, चष्मा दोरीला बांधलेला. पाच वर्षांची वॉरंटी. चार पानी फॉर्म सोबत. तो म्हणाला, काका, मी भरून देतो. मी म्हणालो, ठेवून जा, आमच्याकडे फॉर्म आम्हीच भरतो.

दुपारी ४

फॉर्म भरला. सगळा कॅपिटलमध्ये. काही जागा कळल्या नाहीत, तिथे "येस" लिहिलं.

तिसऱ्या पानावर मात्र जीव सुखावला. "रिटर्न". हा शब्द मला कुणी शिकवायला नको. पुढे "एअर" असंही छापलं होतं, पण हवा कोण परत करणार, ती छापखान्याची चूक असावी. मी दुर्लक्ष केलं. रिटर्नची जागा कुठली, असं विचारलं होतं. म्हणजे माल परत घ्यायची वेळ आली तर त्यांच्या माणसाने कुठे यायचं. घरात दिवसभर मीच. लिहिलं, मागची खोली. रिटर्न किती, एक की दोन? एक. जबाबदारी वाटली की कुणाचीच राहत नाही. साइज? सर्वांत मोठी. कमी पडायला नको.

खाली सही केली. इतकं स्वच्छ पान त्या कंपनीने बरेच दिवसांत पाहिलं नसेल. मुलाने न वाचताच खाली आपली सही केली. म्हणाला, बाबांनी बघितलंय ना. सूनबाई वाचायला मागत होती, पण तोपर्यंत पाकीट चिकटवलं होतं.

११ ऑक्टोबर

ही एकटी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पितळेची कडी घेऊन आली. सुताराकडे आहेत तसल्या नकोत म्हणे. कागद सोडून मला दाखवली. आडवी, जाड, सरकवली की ठक्क वाजते. दोनदा वाजवून दाखवली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फिटर आला आहे. छताची चौकट तयार आहे, वर अजून बोर्ड नाहीत, त्यामुळे चंदेरी डक्ट सगळीकडे पसरलेले दिसतात. आमच्या खोलीत गेलो तर डोक्यावर हे एवढं भोक आखलेलं. खाट उभी करून वर ढकलली तर आत जाईल.

विचारलं, हे काय. फिटर म्हणाला, रिटर्न. मी म्हणालो, माल इथून वर घेणार का. तो चांगला माणूस आहे, हसला नाही. खाली उतरला आणि समजावून सांगितलं. बाकीच्या खोल्यांत मशीन हवा सोडतं. ती सगळी हवा मशीनला परत हवी असते, नाही तर ते गुदमरतं. ती परत ओढून घ्यायची जाळी म्हणजे रिटर्न. सहसा मधल्या बोळात ठेवतात. इथे तुम्हीच बेडरूम लिहिलंय, मला वाटलं काही कारण असेल.

मी म्हणालो, कारण आहे.

मग तो म्हणाला, फक्त एक लक्षात ठेवा काका, या खोलीचं दार लावायचं नाही. कायम उघडं. दार लावलं की अख्ख्या घराची हवा अडली.

संध्याकाळी ५

फिटरला गाठून हळूच विचारलं, ही जाळी बोळात नेता येईल का. म्हणाला, आत्ता सहज येईल, अर्ध्या दिवसाचं काम. फक्त मुलाची सही हवी. शुक्रवारी बोर्ड लागले की मग फोडाफोडी.

आज मंगळवार. वेळ भरपूर आहे. संकल्प: उद्या सकाळी चहाच्या वेळी मुलाला सांगायचं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

चहाच्या वेळी सूनबाई समोर होती. तिच्या देखत सांगितलं असतं तर मुलाची मान खाली गेली असती. बाबांना कळतं, असं तोच म्हणाला होता. मुलाची लाज राखणं हे बापाचं काम. उद्या त्याला एकटा गाठायचा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

एकटा गाठला, गाडीत. तोंड उघडलं. तेवढ्यात तोच म्हणाला, बाबा, तुम्ही हे काम अंगावर घेतलंत म्हणून मला ऑफिसात डोकं शांत ठेवता आलं. मग कसं सांगणार? मी म्हणालो, त्यात काय विशेष.

हिला सांगावं असा विचार केला. ही कडीला तेल लावत होती. नवी कडी, तिला कशाला तेल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी लवकर उठून घराच्या जागी गेलो. सांगायला नव्हे, बघायला. बोर्डवाले वेळेआधीच आले होते. लोक वेळ पाळत नाहीत असं नेहमी ऐकतो. फिटरने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी हाताने खूण केली, राहू दे.

दुपारपर्यंत छत पांढरंशुभ्र झालं. सुंदर दिसतं. आता निदान निर्णय तरी झाला.

२३ ऑक्टोबर

हिला तयार करायला सुरुवात केली. म्हणालो, दार उघडं असलं की हवा खेळती राहते. म्हणाली, "एक्केचाळीस वर्षं खेळलीच की."

२ नोव्हेंबर

वर्तमानपत्रात वाचलं की बंद खोलीत झोपल्याने डोकं दुखतं. मोठ्याने वाचून दाखवलं. ही म्हणाली, माझं उघड्या खोलीत दुखतं. मग तिने विचारलं की अलीकडे दाराबद्दल इतकं काय बोलताय. मी पान उलटलं.

भूक मंदावली आहे. वय.

६ डिसेंबर, शनिवार

राहायला आलो. सामान लागलं. मशीन चालू केल्याबरोबर दहा मिनिटांत सगळं घर उबदार. मुलाने माझ्या पाठीवर हात ठेवला. आमच्या खोलीत जाळीखाली उभं राहिलं की डोक्यावरचे उरलेले केस उभे राहतात. हॉलमध्ये कुणी बोललं की इथे शब्द न् शब्द ऐकू येतो. जणू अख्खं घर आमच्या उशाशी बसून बोलतं.

ही म्हणाली, आवाज जरा मोठाच आहे, पण असू दे, दार लावू.

७ डिसेंबर

जेवणानंतर ती आत गेली. ठक्क.

मी हॉलमध्ये बसलो होतो. आधी दाराखालून शीळ वाजायला लागली. मग कडी खडखडू लागली, कारण वारा दाराला आत खेचत होता. वीस मिनिटांनी हॉल गार पडला. भिंतीवरच्या डब्यात लाल आकडे लुकलुकले आणि मशीन बंद पडलं. मुलगा डब्यावर बोटं मारत बसला. मी म्हणालो, नवीन आहे, सवय होईल.

तासाभराने ही बाहेर आली. दाताचा ठणका थांबल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा चेहरा होता. मला म्हणाली, तुम्ही चांगलं बघून घेतलंत हं सगळं.

या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलं आहे, म्हणून लिहितो: मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

संकल्प: उद्या सांगायचं. नक्की.

८ डिसेंबर

आज सोमवार. आठवड्याची सुरुवात अशा बोलण्याने करू नये.

१२ डिसेंबर

चार दिवसांत मशीन पाच वेळा बंद पडलं. ही दार लावते, मी पाच मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून उघडायला लावतो. चष्मा आत राहिला. गोळी आत राहिली. काल म्हणाली, तुमचं सगळं बाहेर काढून ठेवते, म्हणजे एकदाच काय ते होईल.

आज सूनबाई तिला डोळे तपासायला घेऊन गेली. मी स्क्रूड्रायव्हर घेतला. चार स्क्रू. कडी कागदात गुंडाळून हार्डवेअरच्या दुकानात परत द्यायला नेली.

काउंटरच्या त्या बाजूला आयुष्यात प्रथमच उभा राहिलो. दुकानदाराने कडी सरकवून पाहिली, ठक्क, आणि विचारलं, काय खराब आहे. मी सत्तावीस वर्षं लोकांना हेच विचारत आलो आणि त्यांच्याकडे असंच बघत आलो. म्हणालो, घरात चालत नाही. त्याने कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते वाचायचं धाडस झालं नाही.

हिला सांगितलं, कंपनीचा डिफेक्ट निघाला, रिटर्न केली. ती दारावरच्या चार भोकांकडे बघत राहिली. "कडीत कसला हो डिफेक्ट?"

मी म्हणालो, तांत्रिक आहे.

१४ डिसेंबर

जाळीमुळे ऐकू आलं. मुद्दाम ऐकलं नाही. हॉलमध्ये सूनबाई मुलाला सांगत होती की आईंना ते दार नीट लागायला हवं आहे, बाबांचं लक्ष नाही, मीच काहीतरी करते. आईंनी कधी काही मागितलंय का, असंही म्हणाली.

सूनबाई मनाने चांगली आहे. मी तिच्याबद्दल मागच्या वहीत जे लिहिलं आहे ते खोडायला हवं.

२० डिसेंबर

सूनबाईने दारावर क्लोजर बसवून घेतला. वरच्या बाजूला लोखंडी हात असतो तो. दार सोडलं की आपलं आपण लागतं, अजिबात आवाज न करता. ही दार उघडून सोडत होती आणि बघत होती. सात वेळा. मी मोजले.

मी दाराखाली माझी चप्पल सरकवली. ही पायाने बाजूला करते. मी पुन्हा सरकवतो. दिवसभर हेच.

२१ डिसेंबर

मशीन पूर्ण बंद. घर गारठलं. मुलाने फिटरला बोलावलं. मी म्हणालो, कशाला, मी बघतो. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही बसा.

संकल्प: फिटर यायच्या आत सांगायचं. त्याने सकाळी दहाची वेळ दिली आहे. नऊला सांगितलं तरी चालेल.

२२ डिसेंबर, दुपारी

फिटर पावणेनऊला आला.

त्याने खोलीत पाऊल टाकलं आणि क्लोजरकडे बघून कपाळाला हात लावला. हे कुणी लावलं? सूनबाई म्हणाली, मी. त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. मुलगा चिडला. म्हणाला, बेडरूममध्ये रिटर्न ठेवायची अक्कल कुणाची? फिटरने पिशवीतून फॉर्म काढून सूनबाईच्या हातात दिला. तिने वाचला. मोठ्याने नाही. मग मुलाला दिला. ती हसली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

अक्षर खरंच स्वच्छ आहे. लांबूनही ओळखू येतं.

मी म्हणालो, फॉर्मची भाषा फसवी आहे. रिटर्न या शब्दाला आमच्या धंद्यात वेगळा अर्थ आहे. मुलगा म्हणाला, ठीक आहे बाबा, चूक होते. तिथेच संपलं असतं. पण फिटरला स्वतःची बाजू साफ करायची होती. तो म्हणाला, "काकांना मी बोर्ड लागायच्या आधीच सांगितलं होतं. तीन दिवस होते हातात."

मशीन बंद असल्याने घरात आवाजच नव्हता.

ही दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या चार भोकांकडे पाहिलं. मला वाटलं आता रडेल किंवा ओरडेल, आणि मी दोन्हींची तयारी ठेवली होती. तिने फिटरला विचारलं, जाळी हलवायची तर काय करावं लागेल. तो म्हणाला, इथलं आणि बोळातलं छत फोडावं लागेल. ती म्हणाली, नको, नवं घर फोडायचं नाही. आणि मग विचारलं, "दार लावलं तरी चालेल, अशी कुठली खोली आहे?"

फिटरने विचार केला. म्हणाला, कपडे धुवायच्या मशीनशेजारची ती छोटी. तिथे डक्टच नेलेला नाही. पण आजी, थंडी फार वाजेल तिथे.

ती म्हणाली, वाजू दे.

२३ डिसेंबर

क्लोजर आमच्या दारावरून काढून त्या छोट्या खोलीच्या दारावर लावला. मुलगा नवी कडीही घेऊन आला. त्याच दुकानातून. दुकानदार काही म्हणाला का, असं विचारायचं होतं, विचारलं नाही.

हिने खाट नेली नाही, गादी नेली. एक खुर्ची, शिवणाचा डबा, दोन शाली. सूनबाईने ऑफिसातून येताना पायाशी ठेवायचा छोटा हीटर आणला. मी गादीचं एक टोक धरायला गेलो. ही म्हणाली, राहू द्या, होतंय.

भांडली नाही. जेवायला वाढते, गोळ्या काढून ठेवते, माझे शर्ट घडी करून ठेवते. म्हणजे तसं सगळं सुरळीत आहे.

२९ डिसेंबर

संकल्प: हिची माफी मागायची. वाक्य तयार केलं आहे. पहिल्या मसुद्यात फॉर्मचा दोष थोडा जास्त आला होता. दुसऱ्यात फिटरचा. आता तिसरा लिहितोय.

३ जानेवारी

तिसरा मसुदा चांगला उतरला होता. टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात कागद उडाला आणि जाळीला जाऊन चिकटला. काठीने काढताना फाटला. मशीनला दोष देत नाही, ते चोख काम करतं.

घरात सगळ्यांना ऊब आहे. या खोलीत आता सगळ्यांचं ऐकू येतं. मुलगा फोनवर काय बोलतो, सूनबाई भाजी चिरताना काय गुणगुणते, सगळं. हिचं येत नाही. तिकडे डक्ट नाही.

११ जानेवारी, दुपारी ३

मसुदा नकोच, तोंडीच सांगायचं असं ठरवलं. घरात आम्ही दोघंच. तिच्या दारापाशी गेलो. पडद्याला आवाज द्यायची गरज पडली नव्हती कधी, सरळ बाजूला करायचा. दार कसं वाजवतात ते जरा आठवावं लागलं. दोन बोटांनी वाजवलं.

आतून आवाज आला, "कोण?"

घरात दोघंच, तरी विचारलं. मी म्हणालो, मी.

"काय काम आहे?"

तिने चिडून विचारलं नाही. आपण काउंटरवर विचारतो तसं, अगदी साधं विचारलं. माझ्याकडे वाक्य होतं, पण ते काम आहे असं म्हणवेना. दाराखालून तिच्या हीटरचा तांबडा उजेड येत होता. आत खुर्ची करकरली, ती परत बसली असावी.

मी इकडे आमच्या खोलीत आलो. इथलं दार उघडंच होतं.